शब्द, दगड आणि लेख : तेलघाण्याचा भाषिक अभ्यास

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• ‘तेल’ आणि ‘घाणा’ या शब्दांची घडण व त्यांच्या अर्थांत झालेले बदल सांगता येतील;
• वस्तूचे नाव, तिचा आकार आणि तिचे काम या तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात, हे उदाहरणांसह स्पष्ट करता येईल;
• शिलालेखातील व्यवसायवाचक शब्दांवरून तत्कालीन जीवनाविषयी मर्यादित पण खात्रीचे अनुमान काढता येईल;
• आपल्या परिसरातील तेलघाण्याच्या शब्दसंपत्तीची पद्धतशीर नोंद करता येईल.

६.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण अर्थपरिवर्तनाचे प्रकार पाहिले. शब्दाचा अर्थ विस्तारतो, संकोचतो, एका वस्तूवरून शेजारच्या वस्तूवर सरकतो. ही सर्व उदाहरणे आपण कोशातून घेतली होती. या घटकात आपण कोशाबाहेर पडणार आहोत. भाषेतला शब्द, जमिनीत सापडणारा दगड आणि दगडावर कोरलेला लेख हे तीन पुरावे एकत्र ठेवले, तर प्रत्येकाचे बळ किती आणि मर्यादा कोणती, हे आपल्याला तपासायचे आहे.

त्यासाठी निवडलेली वस्तू आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे : तेलाचा घाणा. आपल्यापैकी अनेकांनी तो चालताना पाहिला नसेल. पण ‘घाण्याला जुंपणे’, ‘घाण्याचा बैल’ हे वाक्प्रचार आपण रोज वापरतो. ‘तेलिणीशी रुसला आणि अंधारात बसला’ ही म्हणही आपण ऐकली असेल. वीज येण्यापूर्वी तेल म्हणजे उजेड होता आणि उजेडाची किल्ली तेल्याच्या हाती होती, एवढा इतिहास या एका म्हणीत साठलेला आहे. वस्तू नाहीशी झाल्यावरही तिची भाषा काही काळ टिकते. तो काळ संपण्यापूर्वी ती भाषा वाचायला शिकणे, हा या घटकाचा हेतू आहे.

आरंभ मात्र आपण मराठवाड्यापासून फार दूर असलेल्या एका सरोवराकाठी करू. तुलनेसाठी दुसरा प्रदेश समोर ठेवला, म्हणजे स्वतःच्या भाषेत गृहीत धरलेल्या गोष्टी नजरेस येतात.

६.२ सरोवराकाठचा घाणा

इस्राएलच्या उत्तर भागात गोड्या पाण्याचे एक मोठे सरोवर आहे. मराठी बायबलमध्ये त्याला ‘गालील समुद्र’ म्हटले आहे. त्याच्या पूर्व काठावर कुर्सी नावाचे स्थळ आहे. १९७० मध्ये रस्त्याचे काम चालू असताना तेथे जुन्या बांधकामाचे अवशेष उघडे पडले. उत्खननानंतर तटबंदीने वेढलेला एक ख्रिस्ती मठ आणि त्यातील चर्च समोर आले. त्याचा काळ इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकाचा, म्हणजे बायझंटाइन राजवटीचा. चर्चची जमीन रंगीत दगडांच्या तुकड्यांनी मढवलेली होती. बाप्तिस्म्याच्या दालनातील ग्रीक लेख सहाव्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे. त्यात या दालनासाठी ‘फोटिस्टेरिऑन’ असा शब्द आला आहे. ग्रीकमध्ये ‘फोस्’ म्हणजे प्रकाश. तेव्हा या शब्दाचा सरळ अर्थ ‘उजळण्याचे स्थान’.

याच चर्चच्या आवारातील दालनांत ऑलिव्हचे तेल काढण्याचा घाणाही मिळाला. प्रार्थनेच्या जागी घाणा कशासाठी, असा प्रश्न पडेल. दिव्यांना तेल लागे, धार्मिक विधींना तेल लागे, रोजच्या जेवणाला तेल लागे आणि उरलेले विकताही येई. मठाचे आध्यात्मिक जीवन आणि त्याची रोजची अर्थव्यवस्था एकाच तटबंदीच्या आत नांदत होती.

सरोवराच्या वायव्य काठावरील कफर्णहूम येथेही काळ्या बसाल्ट दगडाची जाती व तेल काढण्याची साधने मिळाली आहेत. तेथे पाचव्या शतकातील अष्टकोनी चर्चचा पाया आहे आणि त्याच्या जवळच ज्यू सभास्थान आहे. बसाल्ट म्हणजे आपल्या दख्खनच्या पठाराचा काळा पाषाणच. त्यामुळे या अवशेषांची छायाचित्रे पाहणाऱ्या मराठी माणसाला दगड परका वाटत नाही.

आता भाषेकडे वळू. हिब्रूमध्ये ‘याम’ म्हणजे समुद्र. सरोवरालाही हाच शब्द चालतो. म्हणूनच गालीलच्या गोड्या पाण्याला ‘समुद्र’ हे नाव मिळाले. पुढे ज्यू धर्मशास्त्राच्या ‘मिश्ना’ या संकलनात तेलघाण्याच्या भागांची नावे येतात, आणि ज्या गोल दगडी परातीत ऑलिव्हची फळे चिरडत, तिलाही ‘याम’च म्हटले आहे. काठ असलेले, मध्ये खोलगट, गोलाकार असे काही दिसले की त्याला ‘समुद्र’ म्हणायचे : हे रूपसादृश्यावरून झालेले अर्थांतर आहे. आपण डोंगराच्या उतरणीला ‘कूस’ आणि घाटाच्या तोंडाला ‘खिंड’ म्हणतो, तेव्हा भाषा असेच काम करत असते.

आणखी एक उदाहरण. मराठी बायबल वाचणाऱ्यांना ‘गेथशेमाने’ हे बागेचे नाव परिचित असते. ‘गत’ म्हणजे रस वा तेल पिळण्याची जागा आणि ‘शेमेन’ म्हणजे तेल. ‘गेथशेमाने’ हे मुळात ‘तेलघाणा’ या अर्थाचे साधे स्थलनाम होते. भाषांतरात ते विशेषनाम म्हणून जसेच्या तसे राहिले आणि त्यातला घाणा मराठी वाचकाच्या नजरेआड गेला.

६.३ ‘तेल’ : बीज शब्दात जपलेले

संस्कृत ‘तिल’ या नामापासून ‘तैल’ हा तद्धित शब्द झाला. त्याचा मूळ अर्थ ‘तिळापासून झालेले’ एवढाच. प्राकृतात त्याचे ‘तेल्ल’ आणि मराठीत ‘तेल’ झाले. या प्रवासात अर्थ विस्तारला. आज आपण ‘करडईचे तेल’, ‘जवसाचे तेल’, ‘शेंगदाण्याचे तेल’ असे सहज म्हणतो. व्युत्पत्तीच्या काट्यावर तोलले तर ‘तिळाचे तेल’ ही द्विरुक्ती आहे आणि ‘शेंगदाण्याचे तेल’ हा विरोध आहे. परंतु भाषा व्युत्पत्तीने बांधलेली नसते; ती वापराने चालते.

याच घडणीचे दुसरे रूप युरोपात दिसते. ग्रीकमध्ये ऑलिव्हच्या झाडाला ‘एलाइआ’ आणि त्याच्या तेलाला ‘एलाइऑन’ म्हणत. लॅटिनमध्ये त्यांची ‘ओलिवा’ आणि ‘ओलेउम’ अशी रूपे झाली. इंग्रजीतील ‘ऑलिव्ह’ व ‘ऑईल’ हे दोन्ही शब्द त्याच कुळातले. तेथे ऑलिव्ह हे मुख्य तेलफळ, म्हणून त्याचे नाव सर्व तेलांना मिळाले. येथे तीळ हे मुख्य तेलबी, म्हणून त्याचे नाव सर्व तेलांना मिळाले. दोन प्रदेशांत दोन वेगळ्या वनस्पती, पण अर्थविस्ताराची वाट एकच.

या दोन शब्दांची भेट कशी झाली, हे पाहण्यासारखे आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापाराच्या मार्गदर्शकात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, यांचा उल्लेख आहे. पश्चिम भारतातून जाणाऱ्या मालात गहू, तांदूळ, तूप यांच्याबरोबर तिळाचे तेलही सांगितले आहे. ग्रीक लेखकाने त्यासाठी योजलेल्या शब्दांचा मूळ अर्थ पाहिला तर तो होतो, ‘तिळाचे ऑलिव्ह-द्रव्य’. मराठी बायबलने ऑलिव्हच्या झाडासाठी ‘जैतून’ हा अरबी मूळ असलेला शब्द घेतला. त्याच्या तेलाला आपण ‘जैतुनाचे तेल’ म्हणतो. म्हणजे मूळ अर्थाने ‘जैतुनाचे तिळ-द्रव्य’. दोन्ही भाषांनी परक्या तेलाला आपापल्या घरच्या बीजाचे नाव दिले. परक्या वस्तूचे स्वागत भाषा बहुधा घरातल्याच भांड्यात करते.

मराठीतील काही जोडशब्दांत ‘तेल’ आक्रसून केवळ ‘-एल’ एवढे उरले आहे : खोबरे + तेल = खोबरेल, एरंड + तेल = एरंडेल. यांच्या पंगतीला ‘रॉकेल’ बसवण्याचा मोह होतो. पण ‘रॉकेल’ हा शब्द इंग्रजी ‘रॉक ऑईल’वरून आला, असे मानले जाते. तसे असेल तर ‘खोबरेल’मधील ‘-एल’ तिळाकडून आला आणि ‘रॉकेल’मधील ‘-एल’ ऑलिव्हकडून. दिसायला सख्खी भावंडे, पण कुळे निराळी. ध्वनिसाम्य म्हणजे नाते नव्हे, हे सूत्र येथे लक्षात ठेवावे. ते पुढे पुन्हा उपयोगी पडणार आहे.

*स्वयं-अध्ययन प्रश्न १*
(अ) ‘तेल’ आणि ‘ऑईल’ या शब्दांच्या अर्थविस्तारातील साम्य चार वाक्यांत सांगा.
(आ) आपल्या बोलीत ‘-एल’ने शेवट होणारा तेलवाचक शब्द आहे का, ते शोधा.

६.४ ‘घाणा’ : एका शब्दाचे अनेक अर्थ

‘घाणा’ हा शब्द प्राकृतातील ‘घाण’ (तेल काढण्याचे यंत्र) याच्याशी जोडला जातो. हिंदीत ‘घानी’, गुजरातीत ‘घाणी’, कन्नडमध्ये ‘गाण’ आणि तेलुगूत ‘गानुग’ असे त्याचे सोबती आहेत. भाषाकुळाची सीमा ओलांडून हा शब्द पसरला आहे. कारागिरी आणि बाजार यांचे शब्द अशा सीमा सहज ओलांडतात.

येथे एक गैरसमज दूर करू. मराठीत ‘घाण’ म्हणजे दुर्गंध किंवा मळ असाही शब्द आहे. तो संस्कृत ‘घ्राण’ म्हणजे वास, या शब्दापासून आला. मूळचा तटस्थ ‘वास’ पुढे केवळ ‘वाईट वास’ झाला. हा अर्थसंकोच आणि अर्थापकर्ष. तेलाच्या घाण्याशी त्याचा संबंध नाही. घाण्याजवळ पेंडीचा उग्र वास येतो म्हणून त्याला ‘घाणा’ म्हणतात, ही लोकव्युत्पत्ती आहे. ती ऐकायला गोड आहे. पण पुराव्याने टिकत नाही.

आता ‘घाणा’चे मराठीतील अर्थ क्रमाने पाहू.

१. तेल काढण्याचे यंत्र : ‘त्यांच्या वाड्यात पूर्वी घाणा होता.’
२. यंत्रात एका वेळी घातलेला माल : ‘आज दोन घाणे काढले.’
३. कढईत एका वेळी तळलेले पदार्थ : ‘भज्यांचा पहिला घाणा उतरला.’
४. लग्नकार्यातील विधी : ‘घाणा भरणे’. यात सुवासिनी हळद व धान्य उखळा-मुसळाने कांडण्याचा विधी करतात आणि त्या वेळी गाणी म्हणतात.
५. इतर पिळण्याची वा दळण्याची यंत्रे : उसाचा घाणा, चुन्याचा घाणा.
६. लक्षणेने, न संपणारे कष्ट : ‘संसाराचा घाणा’.

पहिल्या अर्थाकडून दुसऱ्याकडे जाताना यंत्राचे नाव त्यातील मालाला मिळाले. दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाताना यंत्र पूर्णपणे सुटले आणि ‘एका वेळचा भरणा’ एवढाच अर्थ उरला. भजी तळणाऱ्या गृहिणीच्या मनात बैल आणि उखळ नसते. पाचव्या अर्थात मात्र यंत्र परत आले. पण ते तेलाचे राहिले नाही. हा पाचवा अर्थ आपल्याला पुढील भागात अडचणीत आणणार आहे.

६.५ नाव, आकार आणि काम

भूमध्य समुद्राच्या परिसरात ऑलिव्हचे तेल दोन टप्प्यांत काढत. पहिल्या टप्प्यात गोल दगडी परातीत फळे घालून त्यांवरून उभे दगडी चाक फिरवत. फळांचा लगदा होई. दुसऱ्या टप्प्यात हा लगदा विणलेल्या चपट्या टोपल्यांत भरून त्या एकावर एक रचत आणि लांब तुळईला दगडी वजने टांगून, किंवा पुढील काळात लाकडी मळसूत्राने, त्यांवर दाब देत. खाली तेल आणि फळातले पाणी एकत्र गळे. काही वेळ ते निवत ठेवले की तेल वर येई.

आपल्याकडील तेल्याचा घाणा निराळा आहे. तीळ, करडई, जवस ही कोरडी आणि कठीण बीजे. त्यांना आधी चिरडून नंतर दाबण्यापेक्षा एकाच वेळी घासणे आणि दाबणे सोयीचे. म्हणून लाकडाचे किंवा दगडाचे मोठे उखळ आणि त्यात तिरका बसवलेला जड ओंडका, अशी रचना असते. या ओंडक्याला अनेक ठिकाणी ‘लाट’ म्हणतात. बैल गोल फिरतो, त्याच्या डोळ्यांवर झापड असते, ओंडका उखळाच्या कडेला बी रगडत राहतो. बीजात फळासारखे पाणी नसल्याने मधूनमधून थोडे पाणी शिंपडतात. त्याने तेल सुटायला मदत होते. तेल निथळले की उखळात पेंड उरते.

आता महाराष्ट्रातील अनेक किल्ल्यांवर दिसणारा ‘चुन्याचा घाणा’ आठवा. जमिनीवर दगडांनी बांधलेला वर्तुळाकार चर आणि त्यात फिरणारे जड दगडी चाक. बैल ते ओढीत आणि बांधकामाचा चुना मळला जाई. हे चाक आणि भूमध्य परिसरातील ऑलिव्ह चिरडण्याचे चाक शेजारी ठेवून पाहा. दोहोंचे साम्य डोळ्यांत भरते. मात्र तेल्याच्या उखळाशी दोहोंचेही साम्य नाही.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. तेल्याचा घाणा आणि चुन्याचा घाणा यांचे नाव एक, आकार भिन्न, काम भिन्न. चुन्याचा घाणा आणि ऑलिव्हचे चाक यांचा आकार जवळपास एक, नाव भिन्न, काम भिन्न. नावावरून आकार ठरत नाही आणि आकारावरून काम ठरत नाही. किल्ल्यावर चाक दिसले म्हणून ‘येथे तेल काढत’ असे सांगणारा नावाने फसतो. केवळ छायाचित्र पाहून कुर्सीच्या मठात चुना मळत होते असे म्हणणारा आकाराने फसेल. काम ठरवण्यासाठी आजूबाजूचा पुरावा लागतो : दगडाच्या भेगांत चुन्याचा अंश आहे की नाही, जवळ फळांच्या आठळ्या आहेत की नाही, तेल साठवण्याची कुंडे आहेत की नाही.

भाषाभ्यासकाचीही हीच शिस्त आहे. सुटा शब्द सुट्या दगडासारखा असतो. तो कोणत्या वाक्यात आला, कोणाच्या तोंडी आला, कोणत्या काळात आला, हे त्याचे आजूबाजूचे पुरावे.

*स्वयं-अध्ययन प्रश्न २*
(अ) नाव एक पण आकार व काम भिन्न, अशी आपल्या परिसरातील आणखी दोन उदाहरणे द्या.
(आ) ऑलिव्ह व तीळ यांच्या स्वरूपातील फरकामुळे यंत्रांत कोणता फरक पडला?

६.६ लेखांतील तेली आणि घाणा

शब्दाला काळ आणि स्थळ यांची निश्चिती देणारा उत्तम पुरावा म्हणजे शिलालेख. तेलाच्या संदर्भात महाराष्ट्रातील दोन लेख विशेष महत्त्वाचे आहेत.

पहिला लेख नाशिकजवळील पांडवलेण्यांत आहे. तो आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळातील, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील. विष्णुदत्ता नावाच्या एका शक स्त्रीने, जी बौद्ध उपासिका होती, निरनिराळ्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, रकमा ठेवी म्हणून ठेवल्या. ठेवीचे व्याज आजारी भिक्षूंच्या औषधोपचारासाठी वापरायचे होते. या श्रेणींत ‘तिलपिषक’ म्हणजे तीळ पिळणाऱ्यांची श्रेणी आहे. शब्दाची घडण लक्षात घ्या : तिल + पिष्. व्यवसायाचे नाव अजून बीजाला चिकटून आहे. ‘तेली’ या नंतरच्या शब्दात ते उत्पादनाला चिकटले. ज्यांच्याकडे लोक विश्वासाने ठेवी ठेवत, असा हा संघ होता, हेही या एका उल्लेखावरून कळते.

दुसरा लेख जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. तो शके ११२८ चा, म्हणजे यादवकाळातील. ‘सिद्धान्तशिरोमणी’चे कर्ते भास्कराचार्य (जन्म शके १०३६) यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. निकुंभ वंशातील सोइदेव याने त्यास उत्पन्न लावून दिले. लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे. पण बाजारातील कोणत्या व्यवहारातून मठाला काय मिळावे, हे सांगताना लेख मराठीत उतरतो. कारण उघड आहे. राजाची स्तुती संस्कृतात शोभते. पण तेल्याने किती तेल द्यायचे, हे तेल्याला समजलेच पाहिजे.

या मराठी भागात घाण्याचा उल्लेख आहे. जितके घाणे चालतील, तितक्यांमागे एकेक पळी तेल मठाला द्यावे, असा त्याचा आशय. आपण त्यातील भाषिक खुणा पाहू. ‘घाणेआ’ हे ‘घाणा’चे सामान्यरूप आजच्या ‘घाण्या-’ या रूपाचे पूर्वज आहे. ‘पली’ म्हणजे आजची ‘पळी’. ती तेव्हा माप होती, आज ती स्वयंपाकघरातले उपकरण आहे. घाणा चालण्यासाठी ‘वाहणे’ हे क्रियापद योजले आहे. शेत ‘वाहणे’ हा प्रयोग आजही आहे. घाण्यापुरता तो मागे पडला.

आशयही पाहा. देणे गावावर एकगठ्ठा नाही; ते चालणाऱ्या घाण्यावर आहे. बंद घाण्याने काही द्यायचे नाही. आठ शतकांपूर्वीच्या या व्यवस्थेत एक व्यवहारी न्याय आहे. आणि एक गोष्ट निश्चितपणे सांगता येते : हे तेल शेंगदाण्याचे नव्हते. भुईमूग हे पीक मूळ दक्षिण अमेरिकेतील. ते यादवकाळात येथे नव्हतेच. मात्र ते तिळाचे, करडईचे की जवसाचे, हे लेखातील ‘तेल’ या शब्दावरून ठरवता येत नाही, कारण तोवर त्या शब्दाचा अर्थ विस्तारलेला होता.

आता आपण पाहिलेली तीन स्थळे एका ओळीत ठेवा : तिसऱ्या शतकातील बौद्ध लेणी, पाचव्या-सहाव्या शतकातील ख्रिस्ती मठ आणि तेराव्या शतकाच्या उंबरठ्यावरील गणित-ज्योतिषाचा मठ. तिन्हींचे तत्त्वज्ञान भिन्न, भाषा भिन्न. परंतु आजाऱ्याची सेवा, प्रार्थना आणि अध्ययन या तिन्हींमागे कोणीतरी घाणा चालवत होता. मोठ्या ग्रंथांत त्याचे नाव येत नाही. ते दानलेखातल्या व्यवहाराच्या ओळीत येते. म्हणून दानलेखातील रूक्ष वाटणारी यादी भाषाभ्यासकाने सर्वांत सावकाश वाचावी.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मात्र एक सुदैवी अपवाद आहे. चाकणचे संताजी जगनाडे व्यवसायाने तेली. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणाऱ्यांत त्यांचे नाव आदराने घेतले जाते. घाण्यावर बसणाऱ्या हाताने लेखणी धरली, म्हणून एक मोठा ठेवा आपल्यापर्यंत आला.

६.७ औंढा नागनाथ : नावाचा मोह

शेवटी आपण हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथकडे येऊ. येथील मंदिर यादवकालीन शिल्पकलेसाठी प्रसिद्ध आहे. बारा ज्योतिर्लिंगांत त्याची गणना भाविक करतात. संत नामदेवांचे नरसी हे गाव याच जिल्ह्यातले, आणि विसोबा खेचर व नामदेव यांच्या भेटीची कथा याच मंदिराशी जोडलेली आहे. लिंग जमिनीखालच्या गाभाऱ्यात आहे. अरुंद पायऱ्या उतरून तेथे जावे लागते. सूर्यप्रकाश पोचत नाही अशा गाभाऱ्यात दिवा ही केवळ उपासना नसते, ती गरजही असते. दिवा म्हटला की तेल आले आणि तेल म्हटले की घाणा आला.

औंढ्याचे प्राचीन नाव ‘आमर्दक’ होते, असे अभ्यासक मानतात. या शब्दात ‘मृद्’ हा धातू आहे. त्याचा अर्थ चुरडणे, रगडणे. तेल ‘मर्दन’ करतात, त्यातही हाच धातू. आता मोह पाहा : रगडणारे गाव, म्हणून तेल्यांचे गाव, म्हणून औंढ्यात प्राचीन काळी घाण्यांची पेठ! वाक्य सुंदर झाले. पण ते खरे आहे का? पुराणांत ‘आमर्दक’ हे भैरवाचे नाव आहे; दुष्टांना चुरडणारा तो आमर्दक. शैव क्षेत्राला शिवाच्या उग्र रूपाचे नाव मिळणे अधिक स्वाभाविक आहे. धातू तोच, पण रगडले जाणारे निराळे. नावावरून घाणा सिद्ध होत नाही. त्यासाठी लेख हवा, किंवा दगड हवा.

ही सावधगिरी केवळ परीक्षेपुरती नाही. आपल्या गावोगावी ओळख हरवलेले दगड पडलेले असतात. पोकळ गोल दगडाला कोणी देवाचे आसन म्हणतो, कोणी राजाचे माप म्हणतो, कोणी त्यावर समाजाचा हक्क सांगतो. एकदा अशी कथा रुजली की ती पुसणे कठीण जाते, आणि तो दगड ज्याने घडवला व चालवला त्या कारागिराचा इतिहास मात्र तिच्याखाली गाडला जातो. आपण पदवीधर झाल्यावर गावातील लोक आपल्याला विचारतील, ‘हे काय असेल?’ त्या वेळी ‘नाव काय, आकार काय, काम काय, आणि पुरावा कोणता’ हे चार प्रश्न विचारता आले, तर या घटकाचा अभ्यास सार्थकी लागला असे समजावे.

आणखी एक निकड आहे. दगड आणखी शंभर वर्षे राहील. शब्द राहतीलच असे नाही. घाण्याच्या प्रत्येक भागाला, बैलाच्या साजाला, तेलाच्या प्रतीला, पेंडीच्या प्रकाराला नावे होती. ती तालुक्यागणिक बदलत. ती ज्यांच्या तोंडी आहेत ती माणसे आज वयाने थकलेली आहेत. आपण दूरशिक्षणाचे विद्यार्थी नोकरी, शेती, संसार सांभाळून शिकता. त्यामुळे महाविद्यालयाच्या चार भिंतींत बसणाऱ्या विद्यार्थ्यापेक्षा आपण या माणसांच्या अधिक जवळ आहात. ही आपली अडचण नसून आपले बलस्थान आहे.

६.८ सारांश

‘तेल’ हा शब्द तिळापासून आणि ‘ऑईल’ हा शब्द ऑलिव्हपासून आला. दोन्ही शब्दांत अर्थविस्तार झाला. ‘घाणा’ हा शब्द यंत्राकडून मालाकडे, मालाकडून भरण्याकडे आणि पुढे इतर यंत्रांकडे सरकला. तेल्याचा घाणा, चुन्याचा घाणा आणि ऑलिव्हचे चाक यांच्या तुलनेतून नाव, आकार व काम यांची फारकत स्पष्ट होते. नाशिक व पाटण येथील लेख तेलव्यवसायाला काळ व स्थळ देतात. ‘आमर्दक’ या नावाचे उदाहरण व्युत्पत्तीच्या मर्यादा दाखवते. शब्द प्रश्न सुचवतो. उत्तरासाठी इतर पुरावा लागतो.

६.९ पारिभाषिक शब्द

*अर्थविस्तार* : शब्दाचा अर्थ मूळ वस्तूपुरता न राहता व्यापक होणे.
*अर्थसंकोच* : व्यापक अर्थ मर्यादित होणे.
*अर्थापकर्ष* : तटस्थ वा चांगला अर्थ हीन होणे.
*लोकव्युत्पत्ती* : ध्वनिसाम्यावरून लोकांनी लावलेली, पुराव्याचा आधार नसलेली व्युत्पत्ती.
*सामान्यरूप* : विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे होणारे रूप.
*श्रेणी* : प्राचीन काळातील व्यावसायिकांचा संघ.

६.१० स्वाध्याय

१. ‘ध्वनिसाम्य म्हणजे नाते नव्हे’ हे विधान ‘घाणा/घाण’ आणि ‘खोबरेल/रॉकेल’ यांच्या आधारे स्पष्ट करा.
२. पाटणच्या लेखात संस्कृत व मराठी यांची कामे कशी वाटली गेली आहेत, ते सांगा.
३. तेल, दिवा व घाणा यांवरील पाच म्हणी किंवा वाक्प्रचार जमवून त्यांतून व्यक्त होणारे जीवन वर्णन करा.

*क्षेत्रकार्य* : आपल्या गावात किंवा तालुक्यात पूर्वी घाणा चालवणाऱ्या कुटुंबातील ज्येष्ठ व्यक्तीची परवानगी घेऊन भेट घ्या. प्रथम त्यांना बोलू द्या. मध्येच प्रमाण मराठीतला शब्द सुचवू नका. घाण्याच्या भागांची नावे, क्रियापदे आणि मापे त्यांच्या उच्चारानुसार लिहून घ्या. प्रत्येक शब्दापुढे तो ज्या वाक्यात आला ते वाक्य लिहा. घाण्याचा दगड शिल्लक असल्यास तो न हलवता त्याची लांबी, रुंदी व खोली मोजा आणि रेखाकृती काढा. एखाद्या वस्तूचे नाव त्यांना आठवले नाही, तर ती जागा वहीत कोरी ठेवा. अंदाजाने भरलेल्या शब्दापेक्षा प्रामाणिकपणे कोरी ठेवलेली जागा अभ्यासाला अधिक उपयोगी पडते. पुढच्या भेटीत दुसरे कोणी ती भरू शकते.